शॅमेलिऑनचं घर: आधी पिंजरा, मग सरडा

शॅमेलिऑन, म्हणजे रंग पालटणारा सरडा, घरी येण्याचा नेहमीचा क्रम असा. शनिवारी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मुलांना तो दिसतो. एक डोळा मुलांकडे, दुसरा छताकडे, हे बघून आईबाबाही विरघळतात. दुकानदार 'स्टार्टर किट' नावाचा खोका हातात ठेवतो आणि रविवारी रात्री 'हा खात का नाही' याची शोधाशोध सुरू होते. त्या खोक्यातला पिंजरा बहुधा लहान असतो आणि दिवा चुकीचा. दोन महिन्यांत दोन्ही बदलावे लागतात, म्हणजे पैसेही दुप्पट जातात.

हा क्रम उलटा करा. घर आधी उभं करा, आठवडाभर रिकामं चालवा, आकडे जमले की मग सरडा आणा. या प्राण्याला तक्रार करता येत नाही. रानात आजारी दिसणारा सरडा सगळ्यांत आधी कुणाच्या तरी पोटात जातो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. काहीतरी बिनसलंय हे आपल्या लक्षात येईतो बराच उशीर झालेला असतो. दुरुस्ती करायची ती तो येण्याआधीच.

मी हे अमेरिकेतल्या, न्यू जर्सीच्या घरातून लिहिते आहे, त्यामुळे हवामान आणि सोयी इथल्या गृहीत धरल्या आहेत. भारतातल्या वाचकांनी मात्र आधी कायदा बघावा. आपल्याकडे झाडाझुडपांत दिसणारा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, 'शेतात सापडला म्हणून घरी आणला' हेसुद्धा त्यात आलं. खाली ज्या विदेशी जाती सांगितल्या आहेत, त्या सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनुसार असे प्राणी भारतात बाळगायचे तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला सरडा कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. अमेरिकेतही सगळीकडे सारखं नाही. हवाईत व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन बाळगायला बंदी आहे, इतर राज्यांचे नियम स्वतः तपासा.

कोणती जात

नवख्यांसमोर साधारण तीन नावं येतात: येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला व्हेल्ड, मादागास्करचा पँथर आणि पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांतला, तीन शिंगांचा जॅक्सन्स. जॅक्सन्सला गारवा लागतो, उन्हाळ्यात घर तापत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पँथर रंगांनी वेड लावतो, पण महाग. व्हेल्ड काटक आहे, चुका थोड्याफार सोसतो आणि पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं सहज मिळतात. स्वभावाने तिरसट, पण त्याला कुठे मांडीवर घ्यायचंय! पुढचं सगळं व्हेल्ड धरून लिहिलं आहे.

नर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मादी नराशिवायही अंडी घालते आणि तिथून नवख्याची परीक्षा सुरू होते. व्हेल्डमध्ये नर ओळखणं सोपं: मागच्या पायाच्या टाचेशी एक लहानसा मांसल काटा असतो, तोही अंड्यातून बाहेर आल्यापासून. मादीला तो नसतो.

जागा

पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला वरून येणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्ष्यासारखी वाटते. टेबलावर किंवा भक्कम स्टँडवर पिंजरा असा ठेवा, की त्याची वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. एवढ्या एका गोष्टीने निम्मी भीती कमी होते.

मराठी घरात आणखी काही ठिकाणं वगळावी लागतात. स्वयंपाकघर तर नकोच, मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तिथे त्याच्या फुप्फुसांचं काय होईल? देवघराजवळही नको, रोजची उदबत्ती आणि धूप नेमका छताशी साठतो आणि हा तिथेच बसलेला असतो. हीटरच्या किंवा एसीच्या झोताखाली नको, टीव्हीशेजारी नको, येजा असते त्या पॅसेजमध्ये नको. आरसा समोर येत असेल तर झाका, त्यात दिसणारा दुसरा सरडा त्याच्या दृष्टीने शत्रूच. एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन. 'एकटा कंटाळेल' म्हणून जोडी आणणाऱ्यांनी निदान दोन पिंजरे, दोन दिवे आणि मधे पडदा यांची तयारी ठेवावी.

पिंजरा

मोठ्या व्हेल्डसाठी २ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच, हे किमान माप समजा. पिल्लासाठी आधी लहान घेऊन मग बदलण्यापेक्षा सुरुवातीलाच हा घ्या. आत झाडं भरपूर असली की पिल्लू हरवत नाही. काचेची बंद मत्स्यपेटी चालत नाही, हवा कोंडते आणि ओलाव्याने श्वसनाचे आजार होतात. ॲल्युमिनियमच्या जाळीचा पिंजरा ही नेहमीची निवड.

फक्त एक अडचण आहे. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते आणि जाळीतून सगळा ओलावा उडून जातो. मग मागची आणि दोन बाजूंची जाळी पारदर्शक प्लॅस्टिकने झाकायची, शॉवरचा पडदा कापून लावला तरी भागतं. वरची जाळी आणि समोरचा खालचा भाग मात्र उघडा हवा. गरम हवा वरून निघून जाते, खालून ताजी आत येते.

तळाला काही पसरू नका. भुसा, खडी, नारळाची साल हे सगळं किड्याबरोबर पोटात जाऊ शकतं आणि आतडं अडतं. उघडा तळ, खाली उताराचा ट्रे, ट्रेला भोक आणि भोकाखाली बादली. पाण्याच्या निचऱ्याचा विचार लोक शेवटी करतात. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर तो पहिला करा, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर.

फांद्या आणि झाडं

शॅमेलिऑनचा पाय म्हणजे चिमटाच. पाच बोटं दोन गटांत जोडलेली, एकीकडे दोन, दुसरीकडे तीन. हा चिमटा ज्या फांदीला धड वेढा घालू शकतो, तीच त्याची वाट. म्हणून बोटाएवढ्या जाडीपासून पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंत वेगवेगळ्या फांद्या लावा, त्यातल्या बऱ्याच आडव्या. गुळगुळीत प्लॅस्टिकपेक्षा खरं लाकूड बरं. बाहेरून आणलेली फांदी कीटकनाशक न मारलेल्या झाडाची असावी. ती घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून मग आत लावा. फांद्यांचा भार जाळीला पेलत नाही, म्हणून आडव्या पट्ट्या चौकटीला बांधून त्यांवर फांद्या टेकवा. बांधून झालं की हाताने जोरात हलवून बघा. जी डुगडुगते ती मोठा नर चढला की खाली येणार.

झाडं खरी हवीत. व्हेल्ड पानं कुरतडतो, प्लॅस्टिकचं पान खाल्लं तर पोटात अडकतं. मनीप्लांट, जास्वंद, शेफलेरा आणि नाजूक पानांचा फायकस, एवढ्यावर काम चालतं. जास्वंदीची फुलं तर तो आवडीने खातो. कण्हेर, डिफेनबाखिया, क्रोटन नको. नर्सरीतून आणलेलं झाड तसंच आत ठेवू नका: पानं दोन्ही बाजूंनी धुवा, खताच्या गोळ्या आणि पांढरे दाणे असलेली माती झटकून साध्या मातीत लावा, आणि वर त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गोटे ठेवा. पिंजऱ्याचा मधला भाग इतका दाट असावा, की त्याला हवं तेव्हा आपल्याला तो दिसणारच नाही. पाहुण्यांना दाखवायला अवघड जातं, पण लपायला जागा असलेला सरडा उलट जास्त वेळ बाहेर दिसतो.

ऊन: दोन दिवे, दोन कामं

इथे कंजुषी केली तर बाकीचं सगळं वाया. शॅमेलिऑनला उन्हातल्या दोन गोष्टी लागतात, अतिनील-बी (यूव्हीबी) किरण आणि ऊब. एका दिव्याने दोन्ही भागवायला जाऊ नका.

अतिनील-बी किरणांमुळे त्याच्या शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांत जातं. हे किरण नसतील तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लवचीक होतो. पाळीव शॅमेलिऑनचं हे सगळ्यांत ओळखीचं आणि सगळ्यांत टाळता येण्याजोगं दुखणं. त्यासाठी लांब, सरळ 'टी५ एचओ' प्रकारची अतिनील नळी घ्या, ६ टक्के किंवा ५.० असं (म्हणजे किरणांची ताकद) लिहिलेली. मळसूत्री गोळे मिळतात, ते नकोत, त्यांचा पल्ला फार तोकडा असतो. नळी पिंजऱ्याच्या वर जाळीवर ठेवायची आणि बसायची फांदी तिच्यापासून साधारण ८ ते ९ इंच खाली बांधायची. अतिनील निर्देशांक मोजायचं मीटर कुणाकडून उसनं मिळालं तर फांदीवर ३च्या आसपास आकडा आला पाहिजे. नळी वर्षाने बदला, ती डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी किरण मंदावलेले असतात. आणि खिडकीतून ऊन येतं म्हणून नळी नको, हा हिशेब चुकीचा. खिडकीची काच हे किरण अडवते.

उबेसाठी साधा पांढऱ्या प्रकाशाचा दिवा पुरतो. तोही पिंजऱ्याबाहेर, वरच्या बाजूला. आत लावला तर सरडा त्यावर चढून भाजून घेतो. बसायच्या फांदीवर नरासाठी २९ अंश सेल्सियस, म्हणजे ८५ फॅरनहाइट. मादी आणि पिल्लांसाठी २७, म्हणजे ८० फॅरनहाइट. बाकीचा पिंजरा २२ ते २६ अंश, तळाशी त्याहून गार. त्याला ऊब हवी असेल तर वर जाईल, नको असेल तर खाली उतरेल, म्हणून हा चढउतार मुद्दाम ठेवायचा. मोजायला डायलचे चिकटवायचे थर्मामीटर आणू नका, ते मनाला येईल ते दाखवतात. तार सोडलेलं डिजिटल घ्या.

दोन्ही दिवे टायमरवर, १२ तास चालू, १२ तास बंद. रात्री मिट्ट काळोख. दुकानात 'रात्रीचा लाल दिवा' खपवतात, तो घेऊ नका, लाल प्रकाश त्याला दिसतो आणि झोपमोड होते. रात्री घर १८ अंशांवर आलं तरी चांगलंच. येमेनच्या डोंगरात रात्री गारच असतात.

पाणी

वाटीत पाणी भरून ठेवलं तर तो तहानलेला राहील, पण बहुतेक वेळा तिकडे ढुंकूनही बघणार नाही. त्याला हलतं, चमकणारं पाणी पाणी म्हणून कळतं. पानाच्या टोकाला थेंब लोंबतो, तो आधी एका डोळ्याने त्याच्याकडे बघतो, मग दोन्ही डोळे तिथे आणतो. जिभेच्या टोकाने पान चाटतो, मान किंचित वर करतो, घसा हलतो. हे बघायला मिळालं की दिवस चांगला गेला समजायचं, कारण बरेच शॅमेलिऑन माणसासमोर पाणी पीतच नाहीत.

पहाटे दिवे लागण्याआधी दोन मिनिटं फवारणी, रात्री दिवे गेल्यावर पुन्हा तेवढीच. हाताच्या पंपाने होतं, पण जमत असेल तर टायमरवरचं फवारणी यंत्र घ्या. दुपारी वरच्या जाळीवर ठिबकणारं भांडं ठेवा, १५-२० मिनिटं मनीप्लांटच्या पानांवरून थेंब ओघळले की पुरे. वेगळं यंत्र नको असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला सुईने एक भोक पाडा.

आर्द्रतेचं गणित मात्र नीट समजून घ्या. 'शॅमेलिऑनला दमट हवा लागते' हे अर्धसत्य आहे. दिवसा ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते, पिंजरा दुपारपर्यंत कोरडा झालाच पाहिजे. रात्री मात्र ती ७५च्या वर जाऊ द्यायची, धुकं पडल्यासारखी. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, लावायचा तर तो रात्रीच, आणि खोली २० अंशांच्या खाली असेल तरच. उबदार आणि ओली हवा एकत्र आली की छातीचा संसर्ग ठरलेला. यंत्राच्या टाक्या आणि नळ्या नियमित धुवा, त्यांत साचलेली बुळबुळीत घाण शेवटी हवेतूनच फिरते.

रंगीत तालीम, सरड्याविना

सगळं जोडून झालं की आठवडाभर टायमर चालू द्या. सकाळ, दुपार, रात्र असे आकडे कागदावर लिहा. फांदीवर ३४ अंश दिसले तर दिवा वर उचला किंवा कमी वॉटचा लावा. दुपारी चारलाही पानं ओली दिसत असतील तर फवारणी कमी करा. बादली किती वेळात भरते ते बघा. याच आठवड्यात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा. कुत्र्यामांजरांचे बहुतेक डॉक्टर याला हात लावत नाहीत. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची 'एआरएव्ही' नावाची संघटना आहे, तिच्या यादीत जवळपासचं नाव सापडतं.

सरडा निवडताना

पिल्लू निदान तीन महिन्यांचं असावं आणि पिंजऱ्यात जन्मलेलं. रानातून पकडलेल्या सरड्यात जंत आणि धास्ती दोन्ही भरलेली असतात. डोळे टपोरे, दिवसा उघडे आणि सतत फिरते हवेत. खोल गेलेले डोळे म्हणजे पाणी कमी पडलंय, दिवसा मिटलेले डोळे म्हणजे आजार. पाय सरळ, पकड घट्ट. विक्रेत्याला सांगून त्याला खाताना बघा, आणि पिल्लाने किडा धरलाच नाही तर रिकाम्या हाताने परत या. घरी आणल्यावर पहिल्या काही दिवसांत शी तपासून जंतांची खात्री करून घ्या.

खाणं, आणि घरच्यांची समजूत

इथे खरी अडचण सुरू होते. सरड्याला जिवंत किडे लागतात: क्रिकेट (रातकिडे), डुबिया झुरळं, रेशमाचे किडे, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. शाकाहारी घरात, त्यातही सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई असताना, डबाभर झुरळं विकत आणणं सोपं नाही. आधी बोलून घ्या, मग सरडा आणा. डुबिया उडत नाही, आवाज करत नाही, वासही कमी. क्रिकेट रात्रभर किरकिरतात आणि निसटले की फ्रिजमागे संसार थाटतात. मात्र फ्लोरिडात डुबिया बाळगायला बंदी आहे, कॅनडातही.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, खाईल तेवढे लहान किडे. वर्षाच्या वरच्या नराला एक दिवसाआड चार-पाच. किड्याच्या पोटात जे असतं तेच सरड्याच्या पोटात जातं, म्हणून किड्यांना आधी चांगलं खाऊ घाला: मोहरीचा पाला, गाजर, रताळं, संत्र्याची फोड, इंडियन स्टोअरमधला शेवग्याचा पाला. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. देण्याआधी किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवा, ड३ नसलेली, प्रत्येक वेळी. ड३ आणि इतर जीवनसत्त्वं असलेली पूड पंधरवड्यातून एकदा. जास्त दिली तर तीही बाधते.

किडे पिंजऱ्यात मोकळे सोडू नका. फांदीजवळ खोलगट कप टांगा, त्यातून तो जिभेने उचलतो. मोकळे राहिलेले क्रिकेट रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात. बागेतला कुठलाही किडा देऊ नका, आणि काजवा तर चुकूनही नाही. त्याच्या अंगातलं विष सरड्याला मारून टाकतं.

पहिला महिना

पहिले दोन आठवडे त्याला एकटं सोडा. फवारणी, किडे, साफसफाई, एवढंच. तो दोन-तीन दिवस खाणार नाही, गडद तपकिरी होऊन पानांमागे बसेल. रंग बदलून तो आजूबाजूशी जुळवून घेतो ही समजूत आता सोडा. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनमध्ये दाखवलं, की त्वचेच्या पेशींमधले ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक जवळदूर सरकतात आणि त्यानुसार रंग पालटतो. कारण असतं ते मन:स्थिती, ऊन, समोरचा प्रतिस्पर्धी. सकाळी गडद रंग म्हणजे ऊन शोषणं चाललंय. दुपारीही गडद, अंग चपटं, तोंड वासलेलं, तर त्याला तुम्ही नको आहात.

शीमधला पांढरा भाग पांढराच दिसला पाहिजे. पूर्ण नारिंगी दिसू लागला तर पाणी वाढवा. दिवसा डोळे मिटलेले, तोंड वर करून श्वास घेणं, फांदीऐवजी तळाला बसून राहणं यांतलं काहीही दिसलं तर इंटरनेट बंद करा आणि डॉक्टरला फोन लावा. हाताळल्यावर साबणाने हात धुणं मुलांना पहिल्या दिवसापासून लावा, सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

मादी आलीच असेल तर

कधी दुकानदाराने नर म्हणून मादी दिलेली असते. मग पाच महिन्यांची झाल्यापासून तिच्या पिंजऱ्यात अंडी घालायची जागा कायम हवी: फूटभर लांबरुंद डबा, त्यात मुठीत दाबली तर आकार धरेल इतपत ओली, धुतलेली वाळू, शक्य तितकी खोल. ती तळाला हिंडू लागली, उकरू लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि डोकावू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती बीळ अर्धवट सोडते, अंडी आत अडकतात आणि जिवावर बेततं. ऊब २७ अंशांवर आणि खाणं मोजकं ठेवलं तर अंड्यांची संख्या आटोक्यात राहते.

डिसेंबरात भारतात जाताना

तीन-चार आठवड्यांची सुट्टी या प्राण्याला झेपत नाही, म्हणजे त्याच्या देखभालीला. टायमर आणि फवारणी यंत्र असलं तरी टाकी भरायला, बादली ओतायला, किडे द्यायला आणि डोळे उघडे आहेत ना हे बघायला माणूस लागतोच. मांजर सांभाळणारी शेजारीण झुरळांच्या डब्याला हात लावेल असं धरून चालू नका. तिकीट काढायच्या आधी तिला एकदा घरी बोलवा, समोर उभं राहून किडे घालायला लावा. पिंजऱ्याच्या दारावर कागद चिकटवा: फांदीवरचं तापमान, किड्यांची संख्या, कुठल्या दिवशी कुठली पूड, डॉक्टरचा नंबर. आणि सरडा सांभाळायला कुणीच नाही म्हणून तो बागेत सोडायचा विचार करू नका. न्यू जर्सीत तो पहिल्या थंडीत मरेल, आणि फ्लोरिडासारख्या उबदार ठिकाणी उलट तगून पसरेल. तिथे सुटलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या वस्त्या आधीच झाल्या आहेत. घर बदलायची वेळ आलीच तर ज्याच्याकडून घेतला त्याला किंवा जवळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवारा संस्थेला विचारा, आणि सरड्याबरोबर पिंजराही द्या.